फोटो छापला, पण बघायचा कुठल्या उजेडात?

आजीचा एक फोटो मी तीनदा छापला. इरकल नेसलेली, लाल पदर डोक्यावरून घेतलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घरच्या सहा शाईंच्या प्रिंटरवर पहिला प्रिंट निघाला रात्री साडेदहाला. ट्यूबच्या उजेडात चेहरा राखट दिसला, पदराचा लाल विटलेला. संगणकावर लाल थोडा वाढवला, पुन्हा छापला. तरी जीव नव्हता. आणखी वाढवला. तिसरा प्रिंट मनासारखा आला आणि मी झोपलो. सकाळी आत्याने तो उचलला, सवयीने दारापर्यंत नेला आणि म्हणाली, "काय रे हे, आईला ऊन लागल्यागत दिसतंय की!"

खरंच तसं दिसत होतं. गाल लालबुंद, कुंकू तर पेटलेलं. रात्रीतून शाई बदलली नव्हती, कागद बदलला नव्हता. बदलला होता तो उजेड.

"मॅचिंग सेंटरात गेल्यावर ब्लाउजपीस आतल्या आत बघून घेतो का आपण? साडी आणि पीस दोन्ही घेऊन दारात यायचं की," आत्या म्हणाली. सोलापुरात सुताच्या, चादरीच्या, टॉवेलच्या धंद्यात हात घातलेल्या माणसाला हे नव्याने सांगावं लागत नाही. सूत रंगवणारा शेड बघायला उजेडात येतो. मोठ्या कापड कारखान्यांत तर त्यासाठी एक पेटीच असते. बटण दाबलं की तिच्यात एकदा दिवसासारखा उजेड, एकदा परदेशी दुकानातल्या ट्यूबसारखा, एकदा पिवळ्या दिव्याचा. आणि तोच नमुना प्रत्येकाखाली धरून बघतात. आपण घरी फोटो छापणारे मात्र चांगला प्रिंटर घेतो, भारी कागद आणतो आणि निकाल लावतो डोक्यावरच्या ट्यूबखाली.

स्वस्तात बरा उजेड निवडता येतो. पण त्याआधी थोडं विज्ञान घ्यावं लागेल, नाहीतर दुकानात खोक्यावरचे आकडे नुसते आकडेच राहतात.

खोक्यावरचे दोन आकडे

मोबाईलच्या पडद्याला स्वतःचा उजेड असतो. कागदाला नसतो. त्याच्यावर जे पडतं, त्यातलं काही तो गिळतो आणि उरलेलं परत पाठवतो. उजेडात लालच कमी असेल तर कितीही उत्तम लाल शाई असली तरी ती परत काय पाठवणार? माझ्या ट्यूबमध्ये लाल कमी होता. ती तूट मी शाईने भरून काढली. सकाळच्या उजेडात लाल भरपूर होता, आणि मग आजीला ऊन लागलं.

आता आकडे. पहिला केल्विनचा. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा: आधी लालभडक, मग नारिंगी, मग पिवळं, आणि खूपच तापलं तर पांढरंफटक. तापमान वाढेल तसा उजेड पिवळ्याकडून निळ्याकडे सरकतो. केल्विन हे त्याच तापमानाचं माप. जुना पिवळा दिवा २७०० केल्विनच्या आसपास, दुपारचं ऊन साधारण ५५०० आणि ढगाळ आकाश ६५०० च्या जवळ. गंमत अशी की जो उजेड आपल्याला 'थंड' वाटतो त्याचाच आकडा मोठा असतो.

दुसरा आकडा सीआरआयचा. या उजेडात वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात, याचे ते १०० पैकी गुण.

इथे बहुतेकांची फसगत होते. मी दुकानात गेलो आणि "रंग नीट दिसायला हवेत" म्हणालो, तर दुकानदाराने एका क्षणात ६५०० चा बल्ब काढून दिला. खोक्यावर 'कूल डे लाइट' छापलेलं. डे लाइट म्हणजे दिवसाचा उजेड, मग आणखी काय पाहिजे! पण केल्विनचा आकडा फक्त एवढंच सांगतो की हा पांढरा पिवळटाकडे झुकतो की निळसराकडे. त्या पांढऱ्याच्या आत कोणकोणते रंग आहेत आणि कोणते गैरहजर आहेत, हे तो सांगत नाही. दोन पातेल्यांतल्या आमट्या सारख्याच पिवळ्या दिसतात म्हणून दोन्हींत सारखाच मसाला असतो असं थोडंच आहे.

६५०० हा आकडा वाईट नाही. कापडवाले ज्या दिवसाच्या उजेडात शेड जुळवतात तो ६५०० चाच धरलेला असतो, त्याला डी-६५ म्हणतात. छपाई आणि फोटोवाल्यांनी मात्र ५००० धरला आहे, त्याला डी-५० म्हणतात. प्रश्न बल्बच्या पोटात काय आहे हा आहे.

पांढरा एलईडी खरं तर निळा असतो

आपल्या घरातल्या पांढऱ्या एलईडीत बारीक निळी चिप असते. निळी एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की ते साधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप देतात. थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीच्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. स्वस्तात उजेड पाडायची ही फार हुशार युक्ती आहे. पण या मिश्रणात दोन जागी खड्डे राहतात. एक निळ्या-हिरव्याच्या मध्ये, आणि दुसरा, जो आपल्याला जास्त नडतो, तो टोकाच्या गडद लालात.

सीआरआय हा खड्डा पकडत नाही का? पकडतो, पण अर्धवट. तो काढताना आठ ठराविक रंगांवर उजेड पाडून गुणांची सरासरी घेतात, आणि हे आठही रंग फिक्कट आहेत. गडद लाल त्या आठांत नाही. तो नववा. त्याचे गुण 'आर-९' म्हणून वेगळे मोजतात आणि सरासरीत धरत नाहीत. म्हणून ८० सीआरआयच्या बल्बचा आर-९ शून्याच्या जवळ असू शकतो, कधी उणेसुद्धा. गणितात नापास होऊनही पहिला वर्ग मिळावा, तसं हे.

आणि आपल्या फोटोंमध्ये लाल किती असतो ते बघा. कुंकू, गुलाल, इरकलीचा पदर, लग्नातला शालू, दारातलं जास्वंद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसाची कातडी. सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यातला जिवंतपणा कातडीखालच्या रक्ताच्या लालीवर असतो. लाल हरवला की चेहरा मातीचा होतो. निसर्गचित्रं छापणाऱ्याचं एखाद वेळी ८० वर भागेल. घरच्या माणसांचे फोटो छापणाऱ्याचं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: केल्विनवर तडजोड करा, सीआरआयवर करू नका. ५००० केल्विन आणि ९० च्या वर सीआरआय मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला आणि समोर ४००० केल्विनचा ९० वाला आणि ६५०० चा ८० वाला असे दोनच असले, तर डोळे झाकून ४००० वाला घ्या. कारण डोळा केल्विन सांभाळून घेतो. पिवळ्या दिव्याखाली दोन-चार मिनिटं बसलं की पांढरा शर्ट पुन्हा पांढराच वाटायला लागतो. पण जो रंग उजेडातच नाही, तो डोळा कुठून आणणार?

काय विकत घ्यायचं

साधा ९ वॅटचा बल्ब शंभर-सव्वाशेत येतो, आणि त्याच्या खोक्यावर बहुधा सीआरआय ८० च्या वर असल्याचं बारीक अक्षरात असतं. कधी तो आकडा नसतोच. नसेल तर ८० समजा आणि पुढे चला. ९० च्या वरचे बल्ब गल्लीतल्या दुकानात क्वचित दिसतात. कपड्यांच्या शोरूमसाठी स्पॉटलाइट ठेवणाऱ्या मोठ्या इलेक्ट्रिकल दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. किंमत साध्याच्या काही पट असेल. तरी फोटो पेपरच्या एखाद्या पाकिटापेक्षा ती फारशी मोठी नसते, आणि वाया जाणारे प्रिंट धरले तर पैसे लवकर वसूल होतात.

ट्यूबवर किंवा बल्बवर तीन आकडी खूण असेल तर काम सोपं होतं. ८६५ मधला पहिला ८ म्हणजे सीआरआय ऐंशीच्या घरात, आणि ६५ म्हणजे ६५०० केल्विन. आपल्याला हवं ते ९५०. ९४० चालेल.

अनेकांच्या लक्षात न येणारा आणखी एक मार्ग आहे. लग्नाच्या शूटिंगला वापरतात तो छोटा एलईडी पॅनल. व्हिडिओवाल्यांना चेहरे नीट दिसायलाच हवे असतात, त्यामुळे या पॅनलवर ९५ च्या वर सीआरआयचा दावा असतो आणि केल्विन कमी-जास्त करता येतो. तुमच्याकडे किंवा तुमच्या फोटोग्राफर मित्राकडे असा पॅनल पडून असेल तर वेगळं काही घेऊच नका. ५००० वर लावा आणि बटणाला पुन्हा हात लावू नका. दर वेळी नवीन केल्विन लावून बघत बसलात तर मोजपट्टीच रबराची होईल.

जुना हॅलोजन? त्याच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, सीआरआय जवळपास १००. पण तो पिवळा असतो, तापतो, आणि व्होल्टेज घसरलं की आणखी पिवळा होतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हॅलोजनजवळ तोंड नेऊन बसायची ज्याची तयारी आहे, त्याने खुशाल बसावं.

घेतलेला दिवा खरा की खोटा हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. घरात कुणाच्या तरी लग्नाची न चालणारी सीडी असेलच. रात्री बाकी दिवे बंद करा, सीडीच्या चकचकीत बाजूवर बल्बचं प्रतिबिंब घ्या आणि तिरकी करत त्यातलं इंद्रधनुष्य शोधा. साध्या एलईडीत निळा ठळक दिसतो, मग हिरव्याच्या आधी एक अंधारी पट्टी, आणि लाल लवकर संपतो. चांगल्या दिव्यात ती पट्टी कमी जाणवते आणि लालाचं टोक लांबवर जातं. साधा आणि नवा असे दोन बल्ब आलटून पालटून बघितले की फरक चटकन कळतो. फक्त सीडीवर सूर्य घेऊ नका, डोळे जातील.

दुसरी परीक्षा आपल्या हाताची. दोन्ही बल्बांखाली आपला तळहात आणि कुंकवाचा करंडा धरा. एकाखाली तळहात पिठूळ आणि दुसऱ्याखाली जिवंत दिसला, तर निवड झाली.

फुकटचा उजेड आणि उत्तरेची खिडकी

मग सरळ दिवसाच बघावं की! बघावं, जमेल तेव्हा. दिवसाच्या उजेडात सगळे रंग हजर असतात आणि पैसे पडत नाहीत. अडचण दोन गोष्टींची. एक, आपण नोकरीवरून येऊन रात्री छापतो. दुसरी, दिवसाचा उजेड एकसारखा राहत नाही.

युरोप-अमेरिकेतले जाणकार उत्तरेच्या खिडकीशी बसा म्हणतात. तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेकडून फक्त आकाशाचा शांत उजेड येतो. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतो. त्या मधल्या काळात भर दुपारी ऊन उत्तरेकडून असतं, आणि मार्च ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळीही ते उत्तरेच्या खिडकीत डोकावतं. बाकीच्या दिवसांत उत्तरेचा उजेड मिळतो, पण तो निळ्या आकाशाचा असतो, ५००० च्या बराच वर.

त्यापेक्षा व्हरांड्यातली किंवा गच्चीच्या जिन्यातली उजळ सावली बरी. वेळ सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंतची. थेट उन्हात प्रिंट धरू नका, तिथे सगळेच प्रिंट छान दिसतात. आणि समोरचा बंगला कोणत्या रंगाचा आहे ते बघा. आमच्या समोरच्यांनी मागच्या दिवाळीला गुलाबी रंग काढला, तेव्हापासून आमच्या व्हरांड्यात सगळ्या फोटोंतली माणसं लाजल्यासारखी दिसतात.

किती उजेड, कुठून

"स्क्रीनवर मस्त दिसतं, प्रिंट काळपट येतो," ही तक्रार घरी छापणारा प्रत्येकजण करतो. प्रिंटरला शिव्या घालण्याआधी थोडं गणित करू.

छपाई आणि फोटोसाठी आयएसओ ३६६४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ५००० केल्विनचा उजेड धरला आहे. बारकाईने तुलना करायला २००० लक्स (लक्स म्हणजे जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) आणि प्रिंट नेहमीसारखा न्याहाळायला ५००. एका ट्यूबच्या खोलीत टेबलावर बहुधा १०० ते १५० लक्स पडतात. तेवढ्यात पांढरा कागद चौरस मीटरला ३० ते ४० कँडेला (डोळ्याला तो किती उजळ दिसतो त्याचं माप) इतकाच उजळतो. आणि पूर्ण ब्राइटनेसवरचा लॅपटॉप? २५० ते ३००. सात-आठ पट उजळ पडदा बघून मान वळवली, तर कागद काळपटच वाटणार. ५०० लक्सखाली तोच कागद १४० च्या आसपास जातो. मग पडदा १०० ते १२० पर्यंत उतरवला की दोघांची गाठ पडते. मोजायचं यंत्र नसेल तर पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी दिव्याखाली कोरा फोटो पेपर धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. माझी निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटली.

५०० लक्ससाठी फार मोठा दिवा लागत नाही. ९ वॅटचा बल्ब टेबल लॅम्पमध्ये, प्रिंटपासून अर्ध्या मीटरवर. एवढ्यात त्याच्या आसपास पोचता येतं. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, त्यामुळे दिवा थोडा पुढे-मागे करून हवा तितका उजेड मिळवता येतो. लॅम्पची वाटी आतून पांढरी असू द्या. हिरव्या किंवा लाल वाटीचा लॅम्प दिसायला गोड, पण कामाचा नाही.

दिवा बाजूने तिरका, साधारण ४५ अंशांत, आणि आपण समोरून बघायचं. नाहीतर ग्लॉसी कागदात फोटोऐवजी बल्बच दिसतो. प्रिंटखाली करड्या रंगाचा चार्ट पेपर अंथरा. टेबलावर फुलाफुलांची सोलापुरी चादर असेल तर ती कितीही आवडती असो, तेवढ्यापुरती काढा. शेजारचा भडक रंग डोळ्याला फसवतो. भगवा टी-शर्ट घालून प्रिंटवर वाकणंही तसंच. आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: खोलीतले बाकीचे दिवे बंद. चांगल्या दिव्यात ट्यूबचा उजेड मिसळला की केलेला खर्च पाण्यात. दोन-तीन मिनिटं डोळे स्थिरावू द्या, मग मत बनवा. प्रिंट नुकताच निघाला असेल तर रंगाबद्दल बोलूच नका. शाई रात्रभर वाळू द्या.

दोन गोष्टी, ज्या दिव्याच्या हातात नाहीत

साडी आणि ब्लाउजपीस दुकानात हुबेहूब जुळतात आणि रस्त्यावर आल्यावर वेगळे पडतात. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या रसायनांतून बनलेले असतात, एका उजेडात त्यांची गाठ पडते, दुसऱ्यात सुटते. प्रिंटमध्ये हे सर्वात लख्ख दिसतं ते कृष्णधवल फोटोत. घरचा प्रिंटर करडा रंग बहुतेकदा रंगीत शाया मिसळून बनवतो. तो करडा एका दिव्याखाली स्वच्छ, दुसऱ्याखाली हिरवट, तिसऱ्याखाली गुलाबीसर होतो. चांगल्या दिव्याने ही खोड जात नाही, फक्त खरी किती आहे ते कळतं. म्हणून नवा दिवा आणला की मी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पट्ट्यांचं एक पान छापून त्याखाली धरतो.

दुसरी गोष्ट कागदाची. पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालतात तसलंच चमक आणणारं द्रव्य बऱ्याच फोटो पेपरमध्ये असतं. ते उन्हातले अदृश्य अतिनील किरण घेतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजामागची पांढरी बाराबंदी दुपारी डोळे दिपवते, त्यात याचाही हात असणार. साध्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतात. त्यामुळे तोच कागद व्हरांड्यात निळसर शुभ्र आणि दिव्याखाली किंचित पिवळट दिसतो. हे बघून फोटोत निळा वाढवू नका. मी वाढवला होता; यात्रेच्या फोटोतल्या सगळ्या बाराबंद्या नीळ जास्त झाल्यासारख्या आल्या.

उरला प्रश्न फोटो लागणार कुठे याचा. टेबलावरचा दिवा फक्त परीक्षेचा. रंग त्याच्याखाली ठरवावेत, पण उजळपणा ठरवताना शेवटची भिंत बघून यावी. आजीचा फोटो आत्याच्या माजघरात लागायचा होता. तिथे एकच खिडकी, एक पिवळा बल्ब, आणि वर फ्रेमची काच. नव्या दिव्याखाली लाल पूर्ववत केला, चेहरा जागेवर आला, आणि मग चौथा प्रिंट मुद्दाम थोडा उजळ काढला. टेबलावर धरला तर तो फिका वाटतो. माजघरात, खुंटीशेजारी, आजी आजीसारखी दिसते.